टोकाच्या नळापाशी

मुंबई बंदरातून लक्षद्वीपच्या दिशेने निघालेले प्रवासी जहाज पहिल्या रात्री काय करते, तर पाणी जपते. वर डेकवर गाणी चालू असतात, जेवणघरात गर्दी असते आणि दीड-दोन हजार माणसे एकाच संध्याकाळी अंघोळ उरकून कपडे बदलत असतात. कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून असे प्रवासी नेऊ लागले. १९९० साली फ्रान्समध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधलेले हे जहाज आजच्या अवाढव्य क्रूझपुढे मध्यमच म्हणायचे. तरी अठराशेच्या आसपास प्रवासी आणि सहाएकशे कर्मचारी धरले, तर परभणी जिल्ह्यातले एक बऱ्यापैकी गाव झाले. फक्त या गावाला विहीर नाही, बोअर नाही, टँकरची खेप नाही. परभणीच्या माणसाला समुद्र गाठायचा तर देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्र काढावी लागते. क्रूझची मौज त्याला परकी वाटली तर नवल नाही. पण जहाजाच्या पोटात चालणारा पाण्याचा हिशेब त्याला परका नाही. तो वाचायला मराठवाड्याच्या माणसाइतका तयार वाचक दुसरा कुठे सापडेल असे वाटत नाही.

जलजीवन मिशनने २०१९ मध्ये खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी नळाने द्यायचे ठरवले. क्रूझवर माणशी २०० लिटर सहज लागतात. अंघोळ, स्वयंपाक आणि भांड्यांखेरीज चादरी-टॉवेलांचे ढीग रोज धुवायचे असतात. चोवीसशे माणसांचे रोजचे चार लाख ऐंशी हजार लिटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरचे ४८ टँकर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणाऱ्या पन्नास वाघिणींच्या गाडीत २५ लाख लिटर मावत. ते या तरंगत्या गावाला जेमतेम पाच दिवस पुरले असते. आणि पहिल्या रात्री तर कमाई शून्य, नुसता खर्च. बंदराचे आणि किनाऱ्यालगतचे पाणी घाण असते, म्हणून तिथे गोडे पाणी तयार करत नाहीत. किनाऱ्यावर टाक्या भरून घेतल्या, त्यावरच निभवायचे. जहाज खोल समुद्रात गेले की बाष्पक सुरू होतो. त्याचे तंत्र म्हणजे उलटा कुकर. कुकरमध्ये दाब वाढवून पाणी उशिरा उकळायला लावतात, इथे हवा काढून घेऊन लवकर. मग समुद्राचे पाणी पन्नासेक अंशांवरच उकळते आणि तेवढी उष्णता इंजिन थंड करून आलेल्या ऐंशी अंशांच्या पाण्यातून, एरवी वायाच गेली असती अशी, फुकट मिळते. वाफ थंड झाली की गोडे पाणी. ते इतके शुद्ध असते की बेचव लागते आणि पाइप खाते. म्हणून ते चुनखडीच्या थरातून नेऊन त्यात थोडे क्षार परत मुरवतात आणि मग क्लोरीन सोडतात.

इथपर्यंत यंत्राची करामत झाली. खरी गोष्ट पुढची आहे. प्रवासी जहाजांच्या तपासणीसाठी अमेरिकेने १९७५ पासून चालवलेल्या कार्यक्रमाचा दंडक असा, की पिण्याच्या पाण्यातला मोकळा क्लोरीन मोजणारे उपकरण टाकीपाशी बसवायचे नाही. क्लोरीन जिथे सोडला तिथून बऱ्याच लांबच्या ठिकाणी बसवायचे. तिथे तो ०.२ पीपीएमच्या खाली जाता कामा नये. गंमत म्हणजे आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातही हाच आकडा आहे. गावात पाण्यात टीसीएल पावडर टाकून क्लोरीनची ओटी टेस्ट घेणाऱ्या जलसुरक्षकाला तो तोंडपाठ असतो. आकडा एकच, पण जहाजाने मोजायची जागा टोकाची धरली. माझे म्हणणे एवढेच, की जहाजावर पाणी पुरते याचे श्रेय बाष्पकापेक्षा या जागेला जास्त जाते. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचा शेतकरी ‘टेलला पाणी पोचत नाही’ म्हणतो तेव्हा तो मोजण्याच्या जागेबद्दलच बोलत असतो. आवर्तन सुटले याची नोंद वर होते आणि चारी खाली कोरडी असते. जहाजावर गळतीही लपत नाही. गावात फुटक्या पाइपचे पाणी काळ्या मातीत मुरते आणि महिनोन् महिने कुणाला पत्ता नसतो. जहाजात ते तळाच्या खणात साचते आणि तिथली पातळी चढलेली दिसते. शिवाय टाक्या रिकाम्या होतील तसा जहाजाचा तोल बदलतो, म्हणून रोज प्रत्येक टाकीची पातळी मोजून लिहावीच लागते. पाण्याची चुकलेली नोंद तिथे जहाज कलण्याशी जोडलेली आहे.

संडासातही चूक लपत नाही. कळ दाबली की खस्सकन हवा मैला ओढून नेते, पाणी लागते जेमतेम लिटरभर. घरच्या फ्लशला सहा ते नऊ लिटर जातात. पण या व्यवस्थेत एक ओला रुमाल किंवा लहान मुलाचा डायपर पडला की केबिनींची अख्खी ओळ बंद पडते. प्रवासी नवखे असतात त्या पहिल्या दोन दिवसांत प्लंबरला उसंत मिळत नाही ती यामुळेच. त्याचा फोटो कुठल्याच जाहिरातीत नसतो.

यावर कुणी म्हणेल, समुद्रावर बसलेल्याला पाण्याची काय कमी? पण समुद्राचे पाणी म्हणजे पाणी नव्हे, हे तहानेने मेलेल्या खलाशांच्या इतिहासाला चांगले ठाऊक आहे. त्या मानाने परभणी श्रीमंत आहे. गंगाखेडला गोदावरी आहे, जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरी धरण आहे. दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मात्र खरा आहे. बाष्पकाला पुरेल इतकी उष्णता इंजिन चालू असेपर्यंतच मिळते. पडद्यातून गाळण्याची पद्धत वापरली तर हजार लिटरला तीन-चार युनिट वीज जाते, आणि तो खर्च तिकिटात धरलेला असतो. ग्रामपंचायतीने हे करावे असे सांगणे वेडेपणाचे होईल. तिसरा आक्षेप हुकमाचा. जहाजावर कप्तानाचा शब्द चालतो, गावात कुणाचा चालणार? शिस्तीची ही बाजू नाकारता येत नाही, आणि तिची किंमत खालचे लोक मोजतात. सागरी कामगार करार २००६ चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती मागतो; म्हणजे चौदा तासांचा दिवस नियमातच बसतो.

पण नुसत्या हुकमाने हिशेब खरा होत नाही, याचाही पुरावा समुद्रानेच दिला आहे. जहाजाच्या तळाशी साचलेले तेलकट पाणी १५ पीपीएमपर्यंत साफ केल्याशिवाय बाहेर सोडायचे नाही आणि त्याची नोंद वहीत करायची, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ या जहाजावर एक चोरपाइप टाकून ते पाणी तसेच समुद्रात सोडले जात होते आणि वहीत सारे ठीक होते. २०१३ मध्ये नव्याने रुजू झालेल्या एका इंजिनिअरने ते ब्रिटिश अधिकाऱ्यांना कळवले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये प्रिन्सेस क्रूझेसने गुन्हा कबूल करून चार कोटी डॉलर दंड मान्य केला. हुकूम होता, वही होती, मोजमापाचे यंत्रही होते. कमी होता तो पाइपच्या शेवटापर्यंत जाऊन पाहणारा माणूस, आणि तोही खालच्या फळीतूनच आला.

आपल्याकडे तो माणूस आधीपासून आहे. गावचा जलसुरक्षक टाकीखालच्या नळाला ओटीची नळी धरतो, दोन थेंब टाकतो, पिवळा रंग हमखास उमटतो आणि वहीत खूण होते. पण शेवटच्या वस्तीवरच्या नळाला ती धरायची तर अंधारात जाऊन बसावे लागते, कारण तिथे आधी पाणी यावे लागते.