विश्लेषण : एल्कच्या शिकारीला कोणती दुर्बीण न्यावी?

एल्क हा काश्मीरच्या हंगुलचा धिप्पाड भाऊबंद. अमेरिकेत सर्वाधिक एल्क कोलोरॅडोत आहेत. तंबू-शिधा पाठीवर घेऊन शिकारी तिथल्या डोंगरात चार-पाच दिवस राहतात. शिकार साधली, तर शंभरेक किलो मांसही पाठीवरूनच खाली आणायचे. त्यामुळे कोणती दुर्बीण न्यायची, हा आधी वजनाचा प्रश्न असतो.

दुर्बिणीवरील आकडे काय सांगतात?
१०×४२ म्हणजे दृश्य दहापट मोठे आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिमी. ४२ भागिले १० म्हणजे ४.२ मिमी, ही डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी. ८×४२ मध्ये ती ५.२५ मिमी. एल्क चरायला बाहेर पडतो तो पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणून हा भागाकार महत्त्वाचा. खिशात मावणारी १०×२५ हलकी खरी, पण झोत अवघा अडीच मिमी. नेमक्या वेळी चित्र काळपट दिसते.

स्पॉटिंग स्कोप हवाच का?
तिवईसह तो दोन किलोंच्या पुढे सहज जातो. कोलोरॅडोत अनेक भागांत नराच्या एका शिंगाला किमान चार टोके किंवा कपाळाजवळचे टोक पाच इंची असावे लागते. लांबून ते पाहायला स्कोप उपयोगी. पण दोन-तीनशे मीटरवर, छोट्या तिवईवर बसवलेली १०×४२ पुरते. दाट झाडीत स्कोप घरीच ठेवावा. उघड्या डोंगरउतारांवर न्यायचाच, तर दोघांत एक.

बंदुकीवरची दुर्बीण आहेच की?
ती टेहळणीसाठी नाही. तिच्यातून पाहायचे तर नळीही तिकडेच रोखली जाते, आणि झाडीत हलणारा दुसरा शिकारीही असू शकतो.