कोठीचें मांजर : नव्या पिलास घरीं रुळविणें

खळ्यावरून धान्य घरीं आलें कीं त्याच्या मागोमाग उंदीर येतो. तो खातो तें वेगळेंच. शिवाय लेंड्यांनीं व मुतानें धान्य नासवितो, आणि लेप्टोस्पायरोसिससारखा रोग त्याच मुतावाटे माणसापर्यंत पोंचतो. म्हणून कोठीच्या राखणीस मांजर पाळण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. प्लेगाच्या दिवसांत, १९०८ सालीं, अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू बुकॅनन यांनींही मांजरें पाळण्याचा पुरस्कार केला होता. मांजरासही प्लेग होतो हें आतां ठाऊक झालें आहे. तथापि कोठीच्या राखणीचा त्याचा उपयोग त्यामुळें कमी होत नाहीं. परंतु आणलेलें पिलूं आठ दिवसांत नाहींसें झालें, अशी तक्रार पुष्कळ घरीं ऐकूं येते. आमच्या मतें दोष बहुधा पिलाचा नसून त्यास घरीं आणण्याच्या रीतीचा असतो.

पिलाची निवड.— आईपासून पिलूं ८ आठवड्यांच्या आंत तोडूं नये. १२ आठवडे राहूं दिल्यास उत्तम. उंदीर मारणाऱ्या मांजरीचेंच पिलूं घ्यावें, कारण शिकारीचें शिक्षण पिलें आईपाशींच घेतात.

पहिले पंधरा दिवस.— मांजराचा जीव जागेशीं बांधलेला असतो. अंगणांत मोकळें सोडलेलें पिलूं भेदरून पळतें व कुत्र्याच्या तोंडीं किंवा विहिरींत जातें. यासाठीं त्यास प्रथम एकाच खोलींत दार लावून ठेवावें. एका कोपऱ्यांत जुन्या लुगड्याचें अंथरूण घातलेली टोपली, व दुसऱ्या कोपऱ्यांत विधीसाठीं वाळूचें घमेलें असावें. खाणें घमेल्यापासून दूर ठेवावें. पिलूं कणगीमागें दडून बसल्यास ओढून काढूं नये. भूक लागली म्हणजे तें आपण होऊन बाहेर येतें. मुलांनीं त्यास सारखें उचलूं नये. रोज ठराविक हांक मारून खाणें दिलें म्हणजे हांकेची ओळख पटते. दोन तीन आठवड्यांनीं, संध्याकाळच्या खाण्यापूर्वी, त्यास बाहेर सोडावें. भुकेनें तें परत येतें. घरचा कुत्रा त्या वेळीं बांधलेला असावा. थंडींत पिलूं उबेसाठीं चुलींत निजतें, म्हणून सकाळीं चूल पेटविण्यापूर्वी आंत पाहावें.

खाणें.— दिवसांतून तीन चार वेळां थोडें थोडें द्यावें. दूधभाकरीवर मांजर पोसत नाहीं. आईचें दूध सुटल्यावर पुष्कळांस दुधानें हगवण लागते. मांसमासळींतील टॉरिन हें द्रव्य न मिळाल्यास मांजराची दृष्टि व हृदय बिघडतें. ज्या घरीं मांसमासळी शिजत नाहीं त्यांनीं बाजारांत मिळणारें मांजराचें तयार खाणें द्यावें. उपाशी ठेवलेलें मांजर उंदीर अधिक मारतें हा समज खोटा आहे. पोटभर मिळणारें मांजरही शिकार करतें, आणि उपाशी मात्र दुसऱ्याचें घर धरतें.

विषांपासून जपणूक.— ज्या घरीं मांजर आणावयाचें तेथें उंदरांचें विष ठेवूं नये. ब्रोमॅडिओलोनसारखें विष मेलेल्या उंदराच्या अंगांत राहतें, व तो उंदीर खाल्लेलें मांजर रक्तस्राव होऊन दगावतें. बैलांच्या गोचिडांचें औषध पिसवांसाठीं पिलास लावूं नये. पर्मेथ्रिनच्या जातीचीं औषधें मांजरास मारक आहेत. खोली फिनेलनें धुवूं नये, कारण पाय चाटतांना तें पोटांत जातें. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर कधींच देऊं नये.

८ आठवड्यांनंतर पशुवैद्याकडून जंताचें औषध व साथीच्या रोगांची लस, आणि ३ महिन्यांचें होतांच रेबीजची लस द्यावी. मांजर चावल्यास वा ओरबाडल्यास जखम १५ मिनिटें साबण व वाहत्या पाण्यानें धुवून लगेच दवाखाना गांठावा.

एका मांजरानें उंदरांचें निर्मूलन होईल अशी आशा धरूं नये. मोठ्या घुशीस तें बहुधा भितेंच. पत्र्याची कोठी, बुजविलेलीं बिळें व झाडलेलें खळें हीं हवींतच. परंतु पंधरा दिवस नीट सांभाळलेलें पिलूं पुढें कैक वर्षें रात्रभर राखण करितें, आणि त्या मानानें त्याचा खर्च अगदींच थोडा असतो.