प्लाझ्माचा पुरावा

एप्रिल २०२१ मध्ये फोन उघडला की तेच संदेश दिसायचे : रुग्णाचं वय, रक्तगट, रुग्णालयाचं नाव आणि शेवटी ‘प्लाझ्मा तातडीने हवा’. नातेवाईक रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवत होते, कोविडमधून नुकत्याच उठलेल्या अनोळखी माणसांना गळ घालत होते. त्या धडपडीला कोण नावं ठेवील? पण प्लाझ्माचा फायदा दिसत नाही, असं सांगणारा आपल्याच देशातला अभ्यास तेव्हा प्रसिद्ध होऊन सहा महिने झाले होते, हे आजही मनाला लागतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची ती ‘प्लॅसिड’ चाचणी. ३९ रुग्णालयं, मध्यम आजाराचे ४६४ रुग्ण. प्लाझ्मा कुणाला द्यायचा हे डॉक्टरांनी ठरवलं नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड झाली. प्लाझ्मा मिळालेल्या २३५ पैकी ४४ जणांचा आजार २८ दिवसांत गंभीर झाला किंवा ते दगावले. न मिळालेल्या २२९ मध्ये असे ४१ जण होते. म्हणजे शंभरात १९ आणि १८.

यातला दुसरा गट नीट पाहायला हवा. प्लाझ्माविना १८८ जण ना गंभीर झाले, ना दगावले. त्यांच्यापैकी कुणालाही प्लाझ्मा दिला असता, तर घरच्यांनी आणि डॉक्टरांनीही श्रेय प्लाझ्मालाच दिलं असतं. ‘आमचा पेशंट प्लाझ्मानेच वाचला’ हा अनुभव खोटा नसतो. पण प्लाझ्मा दिला नसता तर काय झालं असतं, हे त्या एका अनुभवातून कळूच शकत नाही.

अमेरिकेतही हीच गल्लत झाली. मेयो क्लिनिकच्या पुढाकाराने ३५ हजारांवर रुग्णांना प्लाझ्मा दिला गेला, पण तुलनेला प्लाझ्मा न दिलेला गटच नव्हता. भरपूर प्रतिपिंडं असलेला प्लाझ्मा मिळालेल्यांत सात दिवसांत ८.९ टक्के मृत्यू झाले, कमी प्रतिपिंडांच्या गटात १३.७ टक्के. शंभरामागे पाचाचा फरक. गुणोत्तरात मांडला की तोच ‘३५ टक्के घट’ होतो. औषध प्रशासनाचे प्रमुख स्टीफन हान यांनी २३ ऑगस्ट २०२० रोजी शंभरातले ३५ जण वाचतील असं सांगून टाकलं. दुसऱ्याच दिवशी त्यांना चूक कबूल करावी लागली, पण आकडा तोवर जगभर पोचला होता.

प्लॅसिडनेही मात्र ‘प्लाझ्मा निरुपयोगी’ असा शिक्का मारला नव्हता. संख्याशास्त्राच्या हिशेबाने त्या ४६४ रुग्णांच्या निकालात धोका सुमारे ३० टक्क्यांनी घटण्यालाही जागा होती आणि निम्म्याने वाढण्यालाही. शिवाय दिलेल्या प्लाझ्मात प्रतिपिंडं बरीच कमी होती, हा आक्षेपही रास्त होता. त्यावर उपाय एकच, आणखी मोठी चाचणी. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ने ती केली. ११,५५८ रुग्ण घेतले आणि भरपूर प्रतिपिंडांचा प्लाझ्मा वापरला. दोन्ही गटांत २४ टक्के मृत्यू झाले आणि अनिश्चिततेचा पट्टा दोन्ही बाजूंना अवघ्या सात टक्क्यांवर आला. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांचा प्रश्न वेगळा, पण रुग्णालयात दाखल होणाऱ्या बहुतेकांपुरतं उत्तर मिळालं होतं.

याच रिकव्हरीने डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुनं औषध पारखलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ वर आले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा झाला नाही, उलट अपायाची शंका उरली. एकाच औषधाबद्दलची ही दोन उत्तरं कुणाच्याही निव्वळ अनुभवातून हाती लागली नसती.

भारतात प्लाझ्मा अधिकृत उपचारसूचीतून गेला तो १७ मे २०२१ रोजी. तोवर दुसऱ्या लाटेचा कळस ओसरू लागला होता. प्लॅसिडचे आकडे हाती आले त्याच दिवसापासून प्लाझ्मा फक्त चाचण्यांमध्येच द्यायला हवा होता. त्यामुळे उत्तर लवकर मिळालं असतं आणि नातेवाइकांची ती वणवण टळली असती.