इस्पितळातील सेवकांस सावधगिरीचे दोन शब्द

बेळगावात १९६३ साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेव्हापासून या सीमाभागात लहानमोठी इस्पितळे वाढत गेली आणि आपल्या खेड्यापाड्यांतील कुटुंबांस उपजीविकेचे एक नवे साधन लाभले. तंबाखूच्या वखारीत किंवा विड्या वळण्यात ज्यांच्या आईबापांचा जन्म गेला, अशा निपाणीकडील घरांतूनही आज कोणी आया म्हणून, कोणी वॉर्डबॉय म्हणून, तर कोणी सफाई कामगार म्हणून इस्पितळात जातात. आजाऱ्यांच्या भेटीस जाताना हा सेवकवर्ग आमच्या नेहमी दृष्टीस पडतो. त्यांच्या श्रमांवाचून एक दिवसही इस्पितळ चालणार नाही. म्हणूनच त्यांच्यावरील एका संकटाविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हे संकट म्हणजे ‘कावीळ ब’ होय. इंजेक्शन देतात डॉक्टर वा परिचारिका. परंतु निष्काळजीपणे टाकलेली सुई टोचते ती कचऱ्याची पिशवी उचलणाऱ्याला, पलंगावरील चादर गोळा करणाऱ्या आयेला, किंवा रुग्णांचे कपडे धुणाऱ्याला. लस न घेतलेल्या माणसास रोगी रक्ताची सुई टोचली, तर अशा १०० प्रसंगांत ६ ते ३० वेळा हा विषाणू शरीरात ठाण मांडतो. एड्सच्या विषाणूच्या बाबतीत हेच प्रमाण ३०० प्रसंगांत सुमारे एक इतके आहे. शिवाय वाळलेल्या रक्ताच्या डागातही हा विषाणू किमान सात दिवस जिवंत राहतो.

डोळे पिवळे झाले नाहीत म्हणजे आजार नाही, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. कित्येकांना काहीच लक्षण दिसत नाही, आणि वर्षानुवर्षांनी यकृत कठीण होते वा त्यात कर्करोग उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लक्ष लोकांच्या शरीरात हा विषाणू होता. गुजरातेत मोडासा येथे २००९ साली वापरलेल्या सुया व सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे या रोगाची साथ पसरली आणि अनेक कुटुंबांतील माणसे दगावली. मनगटावर डाग देऊन किंवा गळ्यात माळ घालून हा रोग उतरत नाही.

तथापि, वाचकहो, या रोगावर खात्रीची लस आहे, ही केवढी समाधानाची गोष्ट! हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने १९९७ साली ती आपल्या देशात तयार केली आणि ती स्वस्त झाली. बालकांस ती देशभर देण्यास २०११ च्या सुमारास आरंभ झाला. म्हणून आज नोकरी करणाऱ्या बहुतेक प्रौढांस ती बालपणी मिळालेली नाही. तिचे तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. दोन डोस घेऊन तिसरा विसरणे म्हणजे घराला कौले घालून दार उघडे टाकणे होय. ही लस कोणाची मेहेरबानीही नव्हे. २०१६ सालच्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकास ती देणे इस्पितळाच्या चालकांचे कर्तव्य आहे. मग तो कामगार कायम असो वा कंत्राटी.

कामाची शिस्तही तितकीच महत्त्वाची. आपल्या भागात भिंतीवरील सूचना कधी कानडीत, कधी इंग्रजीत असते. मराठी शाळेत शिकलेल्या आयेने ती कशी वाचावी? परंतु रंग कोणासही वाचता येतो. सुया व पाती पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात; रक्ताळलेले बोळे पिवळ्या पिशवीत; नळ्या व सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत; काच निळ्या खोक्यात. सुईवर पुन्हा टोपण बसवू नये. पिशवी हाताने दाबू नये. जाड रबरी हातमोज्यांवाचून कचऱ्यास हात लावू नये.

एवढे करूनही सुई टोचलीच, तर जखम पिळू नये, तोंडाने चोखू नये. साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि तत्काळ वरिष्ठांस कळवावे. लस घेतली नसल्यास २४ तासांच्या आत संरक्षक इंजेक्शन व लसीचा पहिला डोस घेतल्याने बहुधा रोग टळतो. नोकरी जाईल या भीतीने किंवा लाजेने गप्प बसणे हेच खरे घातक.

कुटुंबीयांनीही एक ध्यानात ठेवावे: एका ताटात जेवल्याने किंवा जवळ बसल्याने हा रोग होत नाही. रोग्याचे ताट वेगळे करू नका. त्याचे वस्तरे, ब्लेड व दात घासण्याचा ब्रश मात्र वेगळे ठेवा. २०१८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाद्वारे सरकारी इस्पितळांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.

आपल्या घरचे कोणी इस्पितळात कामास असेल, तर आज रात्री जेवणानंतर त्याला एवढेच विचारा: “तुझा तिसरा डोस झाला का?”