टक्कल पडलेली कोंबडी विकू नका!

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात आणि अंगणातली कोंबडी अर्धी उघडी दिसली, तर दचकू नका. मान बोडकी, शेपूट गायब, खुराड्यात पिसंच पिसं. त्यात अंडीही बंद. मग घरात ठरतं, 'हिला काहीतरी रोग झालाय, बाजारात देऊन टाकू.' आणि तिथेच लोच्या होतो.

हा रोग नाही. कोंबडी साधारण दीड वर्षाची झाली, की दरवर्षी जुनी पिसं टाकून नवी आणते. पावसाळा सरता सरता दिवस लहान होतात, उजेड कमी होतो आणि तिच्या शरीराला इशारा मिळतो: थंडीआधी नवं स्वेटर विणायला घे! सुरुवात डोकं-मानेपासून, मग छाती, पाठ, पंख आणि शेवटी शेपूट. पीस म्हणजे जवळपास ८५ टक्के प्रथिनं. अंड्यालाही प्रथिनंच लागतात. दोन्ही एकदम झेपत नाही, म्हणून अंड्यांना दोन-तीन महिने सुट्टी.

खरी गंमत पुढेच आहे. सगळ्यात भिकार दिसणारी कोंबडी बहुतेक वेळा सगळ्यात जास्त अंडी देणारी असते. ती उशिरापर्यंत अंडी देत राहते आणि मग भराभर पिसं टाकून मोकळी होते. कमी अंडी देणारी लवकर सुरुवात करते, थोडी थोडी पिसं गाळत रेंगाळते, त्यामुळे दिसायला कायम टापटीप. (असे नमुने आपल्या वर्गातही असतात, नावं नकोत.) म्हणजे रूप बघून विकायला काढलं, तर आईच्या हातखर्चाला पैसे देणारीच पहिली जाते.

ओळखायचं कसं? हलकी फुंकर मारून पिसं बाजूला करा. कातडीवर नव्या पिसांचे टोकदार कोंब दिसले आणि ती नीट खात-पीत असेल, तर निवांत राहा. कोंब नसतील, तर उवा-पिसवा शोधा. मान वाकडी, हिरवट विष्ठा, धाप असं काही असेल, तर मात्र थेट पशुवैद्यकीय दवाखाना; ती मानमोडी असू शकते.

कोंबांत रक्त असतं, धक्का लागला की दुखतं. तेव्हा लाडानेही उचलू नका. नुसत्या तांदूळ-ज्वारीवर तिचं भागणार नाही. बुरशी न लागलेली शेंगदाणा पेंड, मीठ धुवून काढलेली सुकट, नाहीतर सरळ वाळवी द्या. फिका पडलेला तुरा पुन्हा लाल व्हायला लागला, की अंड्यांची टोपली तयार ठेवा.