पंचवीस लाखांचा वऱ्हाड

पैनगंगेच्या उत्तरेला पुसद, केळापूर, वणी. दक्षिणेला निजामाचं राज्य. कागदोपत्री मात्र उत्तरेचा हा वऱ्हाडचा मुलूखही निजामाचाच होता, फक्त १८५३ पासून तिथे हुकूम इंग्रजांचा चाले. आजचा यवतमाळ, म्हणजे १९०५ पर्यंतचा वणी जिल्हा, असा दोन धन्यांच्या घोळात जवळजवळ शतकभर राहिला.

मूळ भांडण फौजेच्या पगाराचं. ‘हैदराबाद कंटिंजंट’ पोसायची निजामाने, हाकायची इंग्रज अधिकाऱ्यांनी. पगार थकले, ईस्ट इंडिया कंपनीने उसने दिले, आणि कर्ज पन्नास लाखांच्या घरात गेल्यावर रेसिडेंट कर्नल लो यांनी तहाचा मसुदा पुढे केला. मे १८५३ मध्ये वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव फौजेच्या खर्चापोटी लावून दिले गेले. खर्च भागून उरेल ते निजामाला, दरसाल हिशेबासकट.

१८६० च्या तहात कर्ज माफ झालं, रायचूर-धाराशिव परत मिळाले. वऱ्हाडचा हिशेब मागण्याचा हक्क मात्र निजामाने सोडला. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली या एका कलमात आहे. शिल्लक किती, हे खर्च करणाराच सांगणार! त्यात पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरला कापसाचा तुटवडा पडला. वऱ्हाडची काळी जमीन आता कोण सोडतो?

दिवाण सालारजंग यांनी फौजेच्या खर्चासाठी रोख तारण देऊ केलं, १८७६ मध्ये विलायतही गाठली. निजाम सज्ञान होईपर्यंत थांबा, असं उत्तर मिळालं. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झन स्वतः हैदराबादेत आले. मुलूख परत मिळण्याची आशा नाही, हे त्यांनी निजाम मीर महबूब अलींना समोरासमोर सांगितलं आणि वर्षाला २५ लाखांवर कायमचा पट्टा ठरला. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला.

पुढचे निजाम उस्मान अलींनी १९२३ मध्ये वाद पुन्हा उकरून काढला: वडिलांची संमती दबावाखालची होती. वऱ्हाडला स्वायत्तता देण्याचीही तयारी दाखवली. मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंग यांनी पत्रातून खडसावलं की ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे, कोणत्याही संस्थानिकाने बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करू नयेत. मागितला होता कापसाचा मुलूख. पण हे पत्र साऱ्या संस्थानिकांच्या तोंडावर फेकलं गेलं.

वऱ्हाडी माणसाची सही यातल्या एकाही तहावर नाही. १९३० मध्ये वणीचे बापूजी अणे पुसदला जंगल सत्याग्रहाला उतरले, तेव्हा ज्या सरकारचा कायदा त्यांनी मोडला ते कराराने पाहिलं तर भाडेकरूच होतं.

१९३६ च्या करारात निजामाची मालकी मान्य झाली, युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, ठरावीक प्रसंगी निजामाचा झेंडा फडकवायची मुभा मिळाली. कारभार, वसुली, सगळं जागच्या जागी. जुलै १९४७ मध्ये हैदराबादच्या शिष्टमंडळाने माउंटबॅटनसमोर वऱ्हाडचा विषय पुन्हा काढला. भाडेकरू निघाला, तर घर मालकाचं, असा सरळ हिशेब. तो कोणी मानला नाही, आणि सप्टेंबर १९४८ च्या हैदराबादवरील पोलीस कारवाईनंतर मागणाराच उरला नाही.