तासाबाहेरची शाळा

अमळनेरला कापडगिरणी चालवणाऱ्या प्रताप शेठजींनी 1916 साली गावात तत्त्वज्ञान मंदिर काढलं. पैसेवाली माणसं धर्मशाळा बांधतात, घाट बांधतात, फार तर शाळेला खोल्या देतात. या गृहस्थानं पोटापाण्याची काळजी न करता विचार करत बसता यावं म्हणून जागा दिली आणि तसं बसणाऱ्यांना विद्यावेतनही दिलं. बोरी नदीच्या काठावरच्या या गावात मग शंकराचार्य आणि कांट यांच्यावर वाद झडू लागले. मलकानी नावाचे तत्त्वज्ञ तिथं स्थिरावले, कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ येऊन राहिले, आणि 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे त्रैमासिक अमळनेरहून जगभरच्या विद्यापीठांत जाऊ लागलं. खानदेशात विद्यार्थ्यांना विचार करायला कोणी, कुठं आणि कसं शिकवलं याचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते, आणि पहिली कुरकुरही इथंच नोंदवावी लागते. संस्थेचा मूळ कल अद्वैताकडे होता, म्हणजे उत्तर बरंचसं आधी ठरलेलं होतं. शिवाय सगळा कारभार इंग्रजीत. गिरणीत जाणाऱ्या कामगाराच्या पोराला त्या इमारतीत काय चालतं याचा पत्ता लागण्याचं कारण नव्हतं.

या मंदिरात अभ्यासाला आलेला एक तरुण मात्र तिथं रमला नाही आणि 1924 मध्ये गावातल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला. तो म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. साने गुरुजी म्हटलं की आपल्याला 'श्यामची आई' आठवते, डोळ्यांतलं पाणी आठवतं. त्यांची अमळनेरची सहा वर्षं मला त्याहून मोलाची वाटतात. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांची अंथरुणं आवरणं, कपडे धुणं हे सगळं ते करत, त्याच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. पण त्या गोष्टींच्या आड एक वेगळं काम झाकलं जातं: गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. रोज, स्वतःच्या हातानं. वर्गात शिकवून, वह्या तपासून झाल्यावर. बाहेरच्या जगात काय चाललंय, कोणतं पुस्तक वाचण्यासारखं आहे, कोणत्या थोर माणसानं काय केलं, हे सकाळी मुलांच्या समोर येई. पुढं 1928 मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं.

यात चिकित्सा किती आणि संस्कार किती, हा प्रश्न विचारायला हवा. गुरुजींचा पिंड भावनेचा होता. त्यांच्या मुलांना तर्काचे डावपेच फारसे मिळाले नसावेत. पण जे मिळालं ते त्याच्या आधीच्या पायरीचं होतं. पाठ्यपुस्तकाबाहेर जग आहे, ते आजही घडतंय, आणि त्याबद्दल आपल्याला काही वाटायला हरकत नाही, हे त्या मुलांना कळलं. परीक्षेत त्याला एक गुण नव्हता. 1930 मध्ये गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. शिक्षकानं स्वतःच्या विचाराची किंमत मोजली, हे त्यांच्या मुलांनी जवळून पाहिलं, आणि ते कुठल्याच अभ्यासक्रमात बसवता येण्यासारखं नव्हतं.

अमळनेरहून धुळं जेमतेम चाळीस किलोमीटर. तिथं वेगळीच तऱ्हा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यात वारले आणि लगेच 1927 मध्ये त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड काढून राजवाड्यांनी जो खटाटोप सुरू केला तो बावीस खंडांपर्यंत गेला. हा माणूस गावोगाव पायपीट करी, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं सोडवी, रद्दीत निघालेले रुमाल परत मागे. मंदिरातल्या पंडितांनी इंग्रजीत लिहिलं, तर राजवाड्यांनी हट्टानं सगळं मराठीत लिहिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: बखरीत लिहिलंय म्हणून खरं मानू नका, अस्सल कागद दाखवा. मग त्या कागदाला विचारा: तू कोणाचा, कोणी लिहिलास, कधी लिहिलास, कोणाला उद्देशून लिहिलास? लिहिणाऱ्यानं हे स्वतः पाहिलं होतं की ऐकलं होतं? त्याचा त्यात काय फायदा होता?

आज शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत माहितीची पडताळणी म्हणून जे पानभर समजावलेलं असतं, ते सगळं या चार-सहा प्रश्नांत आलं. गंमत अशी, की हे प्रश्न राजवाड्यांनाही लावावे लागतात. पुराव्यावर एवढा कडक असणारा माणूस शब्दांच्या व्युत्पत्ती सांगू लागला की कल्पनेचा लगाम सैल सोडी. गुरूची पद्धत गुरूवरच वापरायची, यापेक्षा चांगला गृहपाठ इतिहासाच्या विद्यार्थ्याला दुसरा काय देणार?

आणि तो गृहपाठ धुळ्यातच एकानं करून दाखवला. कॉम्रेड शरद पाटील. जन्म 1925 चा, धुळ्याचा. शिक्षण अर्धवट टाकून ते कम्युनिस्ट चळवळीत गेले. जातिव्यवस्थेचं मूळ शोधायचं तर मूळ ग्रंथ वाचले पाहिजेत, कोणाच्या भाषांतरावर विसंबता येणार नाही, असं वाटल्यावर वयाच्या चाळिशीत वडोदऱ्याला जाऊन पाणिनीचं व्याकरण शिकले. 1978 मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, 1982 मध्ये 'दास-शूद्रांची गुलामगिरी' लिहिलं. संस्कृत ग्रंथांवरून समाजाचा इतिहास उकलायचा हा राजवाड्यांचा उद्योग होता. तोच पाटलांनी केला, आणि निष्कर्ष जवळजवळ उलटे काढले. एकाच शहरातली ही दोन माणसं. दोघांचं एकेक पुस्तक टेबलावर शेजारीशेजारी ठेवून 'पुरावा तोच, मग वाट कुठं फुटली ते शोधा' असं सांगणारा तास एखाद्या महाविद्यालयानं घेतला असता तर! असा तास कोणी घेतल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. पाटलांच्या सगळ्याच निष्कर्षांशी मी सहमत नाही. पण पदवीशिवाय, प्राध्यापकपदाशिवाय, पक्षाच्या कामातून वेळ काढून हा माणूस व्याकरण शिकला, ही गोष्ट कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात शोभली असती.

मधे तुरुंगही येऊन गेला. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. त्याचं पुस्तक झालं, ते घराघरांत गेलं. ते प्रवचन होतं, वाद नव्हता, त्यामुळे त्याला इथं फार जागा देत नाही.

महाविद्यालयांचं काय? जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप, दोन्ही 1945 ची. पुण्याच्या विद्यापीठाखालून सुटून 15 ऑगस्ट 1990 ला जळगावला स्वतंत्र विद्यापीठ आलं, 2018 मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाईंचं नाव मिळालं. इमारती झाल्या, पदव्या झाल्या, मुली मोठ्या संख्येनं शिकल्या, हे सगळं खरं आणि मोठं. पण याच मातीतल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी 1963 च्या 'कोसला'त कॉलेजशिक्षणाची जी रिकामी पोकळी दाखवली, ती भरली असं म्हणवत नाही. नोट्स आल्या, झेरॉक्स आली, अपेक्षित प्रश्नसंच आले.

विचार करण्याचं शिक्षण पुन्हा तासाबाहेरच वाढलं. 1989 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि धुळं-जळगावच्या शाळांच्या पटांगणांत चमत्काराचे प्रयोग सुरू झाले. समितीची राज्याची धुरा पुढं धुळ्याच्याच अविनाश पाटलांनी सांभाळली. मंत्रानं अग्नी पेटवायचा, मग सांगायचं की वाटीत तूप नव्हतं, ग्लिसरीन होतं, आणि खाली पोटॅशियम परमँगनेट. लिंबू कापून रक्त काढायचं, मग मुलांना सुरीला आधीच लावलेलं रसायन दाखवायचं. पोरं खूश. या प्रयोगांत एक गोम असते. कार्यकर्त्यानं घाईनं रहस्य फोडलं, तर मुलं एक जादू शिकतात, एवढंच. चांगला कार्यकर्ता थांबतो. आधी मुलांना अंदाज बांधू देतो, 'तुझा अंदाज बरोबर आहे हे कसं तपासशील?' असं विचारतो, एखाद्याला पुढं बोलावून वाटी हुंगायला लावतो. पहिल्या तऱ्हेत बुवाच्या जागी कार्यकर्ता येऊन बसतो. दुसऱ्या तऱ्हेत ती जागा रिकामी राहते. 20 ऑगस्ट 2013 ला दाभोलकरांचा खून झाला, वर्षाअखेर जादूटोणाविरोधी कायदा झाला, प्रयोग चालू राहिले.

शाळेच्या आतही हालचाल सुरू होती. शिक्षण हक्क कायदा 2010 मध्ये लागू झाला, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, जून 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा आदेश निघाला. मूल स्वतःच ज्ञान रचतं असं सांगणारा ज्ञानरचनावाद हा शब्द केंद्रप्रमुखांपासून ग्रामसभेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाला. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या फरशा रंगल्या, लोकवर्गणीतून भिंतींवर पडदे आले. पडद्यावर चित्र हलतं म्हणून मूल प्रश्न विचारतंच असं नाही, हे शिक्षकांनाही ठाऊक होतं. पण भेट द्यायला येणाऱ्या साहेबाला पडदा दिसतो, प्रश्न दिसत नाही.

मग 2018 चा जून आला. दहावीची नवी पुस्तकं शाळांत पोचली. भाषेची प्रश्नपत्रिका जाऊन कृतिपत्रिका आली आणि तिच्यात 'स्वमत' आलं: पाठाबद्दल तुझं स्वतःचं मत लिही. इतक्या वर्षांनी प्रथमच मताला गुण मिळणार होते. त्याच सुमारास धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, मोबाइलवर, मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश फिरत होते. 1 जुलैला, रविवारी, राईनपाड्याचा आठवडे बाजार होता. सोलापूरकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं आले. जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जणांना. मारहाणीची चित्रंही मोबाइलवर काढली गेली.

राईनपाड्यावर 'अडाणी लोक' एवढं म्हणून सुटका करून घेणं सोपं आहे. मोबाइलवरचा संदेश वाचता येणारी माणसं अडाणी कशी? त्यांना वाचायला शिकवलं, वाचलेल्याला विचारायला शिकवलं नाही. त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेच्या जाहिरातीची होती, शेवट कापलेली. कोणाची, कधीची, कोणी काढली, कोणासाठी काढली, पुढं काय होतं? हे राजवाड्यांचेच प्रश्न. त्यांच्या नावाचं मंडळ याच जिल्ह्याच्या ठिकाणी नव्वद वर्षं उभं होतं, आणि तालुक्याच्या शाळेपर्यंत ते प्रश्न पोचले नव्हते. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जे शाळेनं करायचं ते कंपनीनं तिच्या परीनं केलं.

तिकडे 'स्वमत' पहिल्या वर्षीच गाइडात गेलं. स्वतःचं मत दहा ओळींत, तयार, पाठ करण्यासाठी. मार्च 2019 च्या परीक्षेत भाषेचे अंतर्गत गुणही नव्हते. राज्याचा निकाल 77.10 टक्क्यांवर आला, ओरड झाली, अंतर्गत 20 गुण परत आणले गेले आणि 2020 मध्ये निकाल 95.30 टक्के लागला. त्यात करोनामुळे रद्द झालेल्या भूगोलाच्या पेपरचाही वाटा होता. पण मताला गुण देण्याचं काय झालं, मुलं खरंच काय लिहीत होती, याची चर्चा टक्क्यांच्या चर्चेत बुडून गेली. मला विचाराल तर स्वमत काढून टाकू नये. तपासणाऱ्यानं गाइडाशी जुळणाऱ्या उत्तराला कमी गुण द्यावेत, एवढं जमलं तरी पुष्कळ.

एक गोष्ट या शंभर वर्षांत जवळजवळ कोणीच मनावर घेतली नाही, ती म्हणजे मुलांची घरची बोली. धुळ्याकडचं मूल घरी अहिराणी बोलतं, रावेर-यावलकडचं लेवा, चोपडा-शिरपूरच्या सातपुड्यातलं पावरी. शाळेत शिरताना ते मूल बोली दाराबाहेर ठेवतं आणि तिच्याबरोबर निम्मे प्रश्नही. प्रमाण मराठीत चुकत चुकत विचारण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असा हिशोब सहा वर्षांच्या पोरालाही जमतो. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं घरच्या भाषेला जागा दिली. काही शिक्षक ती आधीपासूनच देत आले आहेत. खरिपाची पिकं पाऊस पडल्यावर पेरतात, असा पाठ चालू असतो आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "गुरुजी, आम्ही तं कपाशी मे महिनामा लावतस." पुस्तक चुकलं, की बाप? मग विहिरीचं पाणी आणि ठिबक निघतं, जळगावच्या बागायती कपाशीचा पूर्वहंगाम निघतो, लवकर लावून कापूस लवकर बाजारात नेण्याचा हिशोब निघतो. आणि कृषी खातं मात्र गुलाबी बोंडअळीमुळे जूनच्या आधी लावू नका असं का सांगतं, हेही निघतं. मुलं घरी जाऊन बापाला विचारतात. बाप म्हणतो, खातं काय सांगतं ते मला ठाऊक आहे, पण बियाण्याचे पैसे मी घातलेत. दुसऱ्या दिवशी पोरं हे उत्तरही वर्गात घेऊन येतात, आणि शिक्षकाला त्या दिवशीचा पाठ बाजूला ठेवावा लागतो.